कडाक्याच्या थंडीत गाडी उभी ठेवून जाताना बॅटरी कशी जपावी

डिसेंबरमध्ये शाळांना सुट्टी लागली की कॅनडात विनिपेग, कॅलगरी, एडमंटन किंवा टोरांटोच्या आसपास राहणारी अनेक मराठी कुटुंबे महिना-दोन महिन्यांसाठी पुण्या-मुंबईकडे निघतात, आणि निवृत्त मंडळी तर संक्रांत आणि होळी उरकूनच परततात. तेवढे दिवस गाडी गॅरेजमध्ये, इमारतीच्या तळघरात किंवा उघड्यावर बर्फाखाली उभी असते. वीस-बावीस तासांच्या प्रवासाने शिणून परतावे आणि किल्लीचे बटण दाबूनही दार उघडू नये, असे झाले की आपण थंडीच्या नावाने बोटे मोडतो. हा दोष पुरता खरा नाही. पूर्ण चार्ज केलेली आणि गाडीपासून सोडवलेली बॅटरी थंडीत उलट अधिक चांगली टिकते, कारण तापमान उतरले की तिची आपोआप होणारी झीजही मंदावते. बॅटरी मरते ती हळूहळू रिकामी झाल्यामुळे. थंडी फक्त त्या रिकामेपणाचा फायदा घेते. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा हेतू बॅटरीला ऊब देणे हा नसून ती भरलेली ठेवणे हा आहे.

रिकामी बॅटरीच का गोठते

गाडीच्या नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि त्यांत शिशाच्या पट्ट्या पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. बॅटरी उतरत जाते तसतसे ॲसिडमधले सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसते आणि मागे राहणारा द्रव पाण्याच्या अधिकाधिक जवळ जातो. पूर्ण चार्ज बॅटरीतला द्रव उणे ५५ अंश सेल्सियसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणजे मनुष्यवस्तीच्या थंडीत तिला जवळपास धोका नाही. अर्धी उतरलेली बॅटरी उणे २० ते २५ अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि पूर्ण उतरलेली तर उणे ७ ते १० अंशांतच. विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत उतरला तर कोणाला नवल वाटत नाही, त्यामुळे तिथे अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा सुरक्षित नाही. टोरांटोची थंडी त्या मानाने मवाळ असली तरी पूर्ण उतरलेली बॅटरी तिथेही गोठू शकते. आत बर्फ झाला की पट्ट्या वाकतात, डबा फुगतो किंवा तडकतो, आणि अशी बॅटरी पुन्हा कामाची राहत नाही.

गोठण्याइतकी थंडी नसली तरी रिकामी ठेवणे वाईटच. पट्ट्यांवर बसलेले सल्फेट आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी ते सगळे विरघळत नाहीत. बॅटरी मग १२.६ व्होल्ट दाखवते, पण सेल्फ मारला की लगेच बसते.

गाडी बंद असतानाही वीज कोण खाते

बंद गाडी पूर्ण बंद नसते. चोरघंटा, दाराच्या कुलुपाचा रिसीव्हर, घड्याळ, संगणकांची स्मृती, आणि नव्या गाड्यांत मोबाइलशी जोडलेली यंत्रणा यांना सतत थोडी वीज लागते. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर एका महिन्यात ती अर्ध्याहून अधिक रिकामी होते आणि पन्नासाव्या दिवशी शून्यावर येते. प्रवाह २५ मिलिअँपिअरच असला तरी दोन महिन्यांत तेवढीच, म्हणजे ३६ अँपिअर-तास, वीज जाते. त्याच्या तुलनेत बॅटरीची स्वतःची झीज, म्हणजे काहीही न जोडता होणारा उतार, सामान्य तापमानातही महिन्याला काही टक्केच असतो आणि थंडीत त्याहून कमी. या दोन आकड्यांतला फरक ध्यानात आला की पुढचा निर्णय सोपा होतो.

हा उतार वाढवणारी काही कारणे आपणच पुरवलेली असतात. डॅशकॅम, चार्जिंगच्या खाचेत विसरलेला अडॅप्टर, आणि विम्यासाठी किंवा गाडीची माहिती मोबाइलवर पाहण्यासाठी स्टीअरिंगखालच्या खाचेत बसवलेले छोटे यंत्र, ही सगळी जाण्यापूर्वी काढून ठेवावीत. बिनकिल्लीची गाडी असेल तर किल्ली गाडीजवळच्या भिंतीवर टांगू नये, कारण काही गाड्यांमध्ये किल्ली जवळ असली की यंत्रणा पुन्हापुन्हा जागी होते. डिकीतला किंवा हातकप्प्यातला दिवा झाकण लावल्यावर खरोखर विझतो का, हेही एकदा पाहावे. मोबाइलचा कॅमेरा चालू करून आत ठेवावा आणि झाकण लावावे, म्हणजे उत्तर मिळते.

जाण्याच्या आठवडाभर आधी

आदल्या रात्री बॅगा भरताना हे काम होत नाही, असा माझा अनुभव आहे. किमान आठ दिवस हाताशी ठेवावेत, कारण बॅटरी मुळातच अखेरच्या घटका मोजत असेल तर ती बदलायलाही वेळ हवा. बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात. चार वर्षांहून जुनी असल्यास दुकानात भार देऊन तपासून घ्यावी. तिथे सीसीए हा आकडा पाहतात: उणे १८ अंशांत ३० सेकंद सलग, व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ न देता, बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, याचे ते माप आहे. मोजलेला आकडा बॅटरीवर छापलेल्या आकड्यापेक्षा खूपच कमी आला, तर त्या बॅटरीवर चार्जरचे कष्ट घालवण्यात अर्थ नाही.

घरी मोजण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद करून रात्रभर तशीच राहू द्यावी, कारण नुकत्याच चाललेल्या गाडीची बॅटरी वरवरच्या चार्जमुळे फुगवलेला आकडा दाखवते. सकाळी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल सुई प्लसला आणि काळी मायनसला लावावी. १२.६ ते १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि त्याच्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत बहुधा एजीएम प्रकारची, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी असते. तिचा पूर्ण चार्जचा आकडा थोडा वर, १२.८ च्या आसपास असतो. १२ आणि १२.७ मधला हा फरक दिसायला अर्ध्या-पाऊण व्होल्टचा, पण बॅटरीचा पाऊण जीव त्यातच आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचली असेल तर ती साफ करावी. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. जोडण्या सोडवून खाण्याचा सोडा पाण्यात कालवावा, जुन्या दातघासणीच्या ब्रशाने टर्मिनल घासावीत आणि ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत. सोड्याचे पाणी कप्प्यांच्या झाकणांतून आत जाता कामा नये. शेवटी घट्ट बसवलेल्या जोडणीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. बॅटरीचा वरचा भाग ओलसर आणि मळलेला असेल तर त्या मळातूनही थोडी वीज झिरपत राहते, म्हणून तोही पुसून घ्यावा.

झाकणे उघडणारी जुन्या धर्तीची बॅटरी असल्यास पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर घालावे, मग बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा थोडा वेळ चार्ज करावी. एक चूक मात्र हमखास होते: निघण्याच्या दिवशी पाणी घालायचे आणि चार्ज न करताच जायचे. नवे पाणी ॲसिडमध्ये मिसळत नाही, वरच तरंगत राहते आणि पहिल्याच कडक रात्री गोठते. सीलबंद आणि एजीएम बॅटरी उघडण्याच्या फंदात पडू नये.

यानंतर चार्जर लावून बॅटरी काठोकाठ भरावी. ६० अँपिअर-तासांची अर्धी रिकामी बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरवर भरायला रात्रभर लागते, कारण शेवटचा टप्पा सावकाश होतो आणि नेमका तोच टाळता येत नाही. शहरातल्या शहरात दहा-दहा मिनिटे फिरणारी गाडी हिवाळ्यात क्वचितच पूर्ण चार्ज असते. थंड बॅटरी चार्ज सावकाश घेते आणि अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राची, बरीच वीज हीटरचा पंखा, मागच्या काचेच्या तारा आणि गरम होणाऱ्या सीटा यांतच जाते. त्यामुळे “रोज चालवतोच की” एवढ्यावर विसंबू नये.

गाडीतच ठेवून चार्जर लावणे

गॅरेजमध्ये विजेची खाच असेल तर मला हा मार्ग सर्वांत चांगला वाटतो. यासाठी बॅटरी सांभाळणारा स्वयंचलित चार्जर हवा. तो आधी पूर्ण जोराने, मग १४.४ ते १४.७ व्होल्टवर सावकाश चार्ज करतो आणि भरल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टच्या फ्लोट अवस्थेत जाऊन फक्त गाडीने खाल्लेली वीज भरून काढत राहतो. त्यासाठी एक-दीड अँपिअर क्षमताही पुरते. आजोबांच्या काळचा, आपोआप न थांबणारा चार्जर मात्र दोन महिने सोडाच, दोन दिवसही लावून जाऊ नये. तो बॅटरीतले पाणी उकळवून संपवतो आणि हायड्रोजन सोडत राहतो, जो एका ठिणगीने पेटतो.

थंड जागेसाठी चार्जर निवडताना तापमानाची भरपाई करणारा घ्यावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमान एक अंशाने उतरले की पूर्ण चार्ज होण्यासाठी सुमारे १८ मिलिव्होल्ट जास्त दाब लागतो. २५ अंशांसाठी बनवलेला चार्जर उणे २० अंशांत वापरला तर जवळपास ०.८ व्होल्ट कमी पडतात. काही चार्जरना तापमान मोजणारी तार असते, तर काहींवर हिमकणाचे चिन्ह असलेली थंडीची अवस्था निवडता येते. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये एवढी थंडी सहसा नसते. तिथे साधा चार्जरही भागवून नेतो, मात्र बॅटरी आधी पूर्ण भरलेली हवी.

चार्जरचा लाल चिमटा प्लसला लावावा. काळा चिमटा मात्र गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या बॉडीच्या किंवा इंजिनच्या धातूच्या जागी लावावा, कारण नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि थेट टर्मिनलला चिमटा लावल्यास आत गेलेला चार्ज त्याच्या हिशेबात येत नाही. आधी चिमटे आणि मग वीज, काढताना आधी वीज आणि मग चिमटे, हा क्रम पाळावा. बॉनेटखाली तार चेपली जाणार नाही हे पाहावे आणि बाहेरून तार आणायची असल्यास हिवाळ्यात कडक न होणारी, घराबाहेर वापरण्याची जाड तार घ्यावी.

निघण्यापूर्वी किमान एक दिवस चार्जर लावून तो फ्लोटचा दिवा दाखवतो का ते पाहावे. मग भिंतीवरची वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. काही चार्जर वीज गेल्यानंतर आपोआप सुरू होतात, काहींचे बटण पुन्हा दाबावे लागते. हिमवादळात दहा मिनिटे वीज गेली आणि पुढचे पन्नास दिवस चार्जर नुसताच टांगून राहिला, असे होऊ नये. प्रेअरी प्रांतांत, म्हणजे विनिपेग, कॅलगरी, एडमंटनकडे, पार्किंगच्या खांबांवर इंजिन गरम ठेवण्याच्या हीटरसाठी खाचा असतात. तिथे चार्जर लावण्यापूर्वी इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारावे, कारण काही ठिकाणी वीज वाचवण्यासाठी त्या खाचा आळीपाळीने किंवा ठरावीक तापमानाखालीच चालू राहतात. काचेवर ठेवायच्या छोट्या सौर पट्टीवर डिसेंबरमध्ये माझा भरवसा नाही. आठ तासांचा दिवस, तिरपे ऊन आणि काचेवर बर्फ.

खाच नसेल तर

तळघरातल्या पार्किंगमध्ये खाच नसते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची अडचण हीच आहे. तिथे बॅटरी पूर्ण भरून मायनसची जोडणी सोडवणे पुरते. त्यासाठी बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. नेहमी मायनस आधी सोडवावे. गाडीची सारी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होऊन पाना लाल होतो. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. सोडवलेले टोक फडक्यात गुंडाळून बाजूला वळवावे, म्हणजे ते आपोआप परत टेकणार नाही.

त्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. जुन्या रेडिओला सांकेतिक आकडा लागत असेल तर तो लिहून ठेवावा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी केवळ विजेच्या बटणाने उघडत असेल तर डिकी लावून घेण्यापूर्वी दहादा विचार करावा. पहिल्या वर्षी मी ती लावून मोकळा झालो आणि परतल्यावर मागच्या सीटवरून सरपटत आत शिरलो. रिमोटच्या पोटात लपलेली धातूची किल्ली कोठे आहे आणि ती दाराच्या कुलपात नीट फिरते का, हेही आधीच पाहावे. विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास जोडणी सोडवल्यावर गाडी ढकलूनही हलत नाही, म्हणून इमारतीने पार्किंग धुण्यासाठी गाड्या हलवायला सांगितले असेल तर तो दिवस लक्षात ठेवावा. चोरघंटाही बंद पडते, हे अर्थातच आले.

गाडी उघड्यावर असेल आणि परगणा उणे ३० चा असेल तर बॅटरी काढून घरात आणावी, असे अनेक जण सांगतात. पूर्ण चार्ज बॅटरीला त्याची गरज नसते. लडाखमध्ये काही चालक रात्री बॅटरी घरात नेतात, ते सकाळी इंजिन सुरू होण्यासाठी, कारण उणे १८ अंशांत बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन मात्र जास्त जोर मागते. आपल्याला दोन महिने गाडी सुरूच करायची नाही. तरीही बॅटरी जुनी असेल, किंवा तिच्या चार्जबद्दल खात्री नसेल, तर आत आणणे शहाणपणाचे. ती १५ ते २० किलोची असते. उभीच धरून आणावी, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी, भट्टीपासून आणि गॅसच्या गिझरपासून लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. हात नंतर साबणाने धुवावेत. काँक्रीटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज लाकडी आणि कडक रबराच्या जुन्या डब्यांच्या काळातला आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचे काही सोयरसुतक नाही.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि तीही उतरते. त्यांच्या बाबतीत गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच करावे, कारण प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे.

“आठवड्यातून एकदा सेल्फ मार” हा निरोप

मित्राला किल्ली देऊन हा निरोप सांगून जाण्याची आपल्याकडे फार पद्धत आहे. निरोप प्रेमाचा, पण उपयोग थोडा. ५० मिलिअँपिअरच्या हिशेबाने आठवड्यात ८.४ अँपिअर-तास वीज गेलेली असते. ती उणे १५ अंशांत दहा मिनिटे जागेवर चालणाऱ्या इंजिनाने भरून निघत नाही. शिवाय थंड इंजिन थोडा वेळ चालवून बंद केले की तेलात आणि सायलेन्सरमध्ये ओल साचते. मित्र खरोखर तयार असेल आणि विम्यात त्याच्या चालवण्याची सोय असेल, तर दर दहा दिवसांनी पाऊण तास महामार्गावर फिरवून आणण्यास सांगावे. एरवी किल्ली घरातच बरी.

परतल्यावर

आल्या आल्या सेल्फ मारू नये. आधी बॅटरी नजरेखालून घालावी. डबा फुगलेला, तडकलेला किंवा आतून गोठलेला दिसला तर तिला चार्जर लावू नये आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोडणीही देऊ नये. गोठलेली बॅटरी चार्ज करताना फुटू शकते. डबा शाबूत असेल तर घरात आणून पूर्ण वितळू द्यावी, एक दिवस जातो, आणि मगच तपासावी.

दिसायला ठीक असल्यास जोडण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. १२.४ च्या वर असेल तर आधी प्लस आणि मग मायनस जोडून गाडी सुरू करावी. त्याखाली असेल तर रात्रभर चार्ज करावी. १२ च्याही खाली गेलेली असेल तर कमी अँपिअरवर सावकाश चार्ज करून, चार्जर काढून, बारा तासांनी पुन्हा मोजावे. तेव्हा ती १२.४ सुद्धा धरून ठेवत नसेल तर नवी घ्यावी. जुनी दुकानात परत द्यावी. अनेक ठिकाणी नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीची अनामत धरलेली असते, ती परत मिळते.

मित्राच्या गाडीची वीज घेऊन सुरू करण्याचीच वेळ आली तर लाल तार आधी आपल्या प्लसला, मग त्याच्या प्लसला, काळी तार त्याच्या मायनसला आणि शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, जोडावे, म्हणजे ठिणगी पडलीच तर बॅटरीच्या वायूपासून दूर पडते. अशी सुरू केलेली गाडी घरी आणून त्याच रात्री चार्जरला लावावी. रिकामी बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचे काम नव्हे, आणि अर्धवट भरलेली बॅटरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच आणून सोडते.

जोडणी केल्यावर घड्याळ चुकलेले असेल, काचा एका बटणात पूर्ण वर जाणार नाहीत, आणि स्टीअरिंगचा इशाऱ्याचा दिवाही लागलेला दिसेल. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावे आणि स्टीअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण फिरवावे. बहुतेक गाड्यांत एवढ्याने भागते. इंजिन पहिली काही मिनिटे थोडे वेडेवाकडे चालले तरी घाबरू नये, संगणक पुन्हा शिकत असतो.